मन्नूबियाचे तीन गुरुवार

मन्नूबियाच्या लग्नाचा वैद्यकीय दाखला डॉक्टर वज्दीने चार मिनिटांत दिला. त्यातली तीन मिनिटं तो शिक्का शोधत होता.

आमच्याकडे लग्न करायचं तर दोघांनीही डॉक्टरचा दाखला नगरपालिकेत द्यावा लागतो. कायदा जुना आहे. विशीतली मुलं-मुली आली की वज्दी न चुकता सुई काढतो, बाटल्यांवर नावं लिहितो, रक्त महदिया शहरातल्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो. मन्नूबिया एकसष्ट वर्षांची आहे आणि तिचा होणारा नवरा हेदी सदुसष्टचा. त्यांचा त्याने फक्त रक्तदाब घेतला, बरा आहे म्हणाला, आणि शिक्का शोधू लागला.

"आणि रक्त?" मन्नूबियाने विचारलं.

"मावशी, या वयात कसलं रक्त बघायचं," तो म्हणाला. "सोबतीसाठी लग्न करताय ना? चहा प्याल, टीव्ही बघाल. देवाने सुखी ठेवावं."

हेदी छताकडे बघत राहिला.

हे मला माहीत आहे, कारण मी शेजारच्या लसीकरणाच्या खोलीत होते आणि मधलं दार अकरा वर्षांपासून नीट लागत नाही. या दवाखान्यात मी चौतीस वर्षं सुईण होते. निवृत्त झाल्यावर हमामात अंग चोळून घ्यायला गेले, की कोणीतरी बादली सरकवत जवळ यायची आणि गुडघ्याबद्दल विचारायची. तिसऱ्या वाक्याला कळायचं की गुडघा ठीक आहे. एक झाली, दोन झाल्या, मग मला शांतपणे आंघोळ करता येईना. शेवटी मी वज्दीकडून गुरुवारची खोली मागून घेतली. लसीची बाळं घरी गेली की अकरा वाजता तिथे साठीच्या आसपासच्या बायकांचा वर्ग भरतो. नवराबायकोच्या अंगाचं आरोग्य हा विषय. भिंतीवर गोवराचे तक्ते आहेत, ते तसेच राहू दिले. कोणी अचानक आत आलं तर बायका त्या तक्त्यांकडे बघतात.

माझे नेम फार नाहीत. पाच वेळची नमाज, सोमवार-गुरुवारचा रोजा, झोपण्याआधी शंभर वेळा क्षमा मागणं, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट न बोलणं. वर्ग गुरुवारी आणि रोजाही गुरुवारी, म्हणून मी आधी इमामसाहेबांना विचारून घेतलं, की उपाशीपोटी असलं बोललेलं चालतं का. त्यांनी बराच वेळ दाढीवरून हात फिरवला. मग वर्गाला कोण कोण येतं ते विचारलं. मी नावं सांगितली. त्यात त्यांच्या घरचंही एक नाव होतं.

"बोला," ते म्हणाले. "पण नीट बोला. अर्धवट नको."

मी नीट बोलते. आवाज माझा मुळात लहान, त्यामुळे मागच्या बाकावरच्या बायकांना पुढे सरकून बसावं लागतं. मन्नूबिया मात्र मागच्याच बाकावर बसायची. ती माझी बालमैत्रीण. आमची घरं एका गल्लीत, लग्नं एका वर्षातली. ती मल्सूका करून विकते. चुलीवर तांब्याची पालथी थाळी तापवायची, ओल्या पिठाचा गोळा हाताने तिच्यावर टिपत टिपत फिरवायचा, की कागदासारखी पोळी सुटून येते. तिच्यात अंडं गुंडाळून तळतात. मन्नूबियाच्या मल्सूकातून पलीकडचा माणूस दिसतो असं गावात म्हणतात. रमजान जवळ आला की तिच्या दारात रांग लागते.

वर्गात तिचं काम म्हणजे शेरे मारणं. पहिल्या गुरुवारी मी सांगितलं की वय झालं की बाईचं अंग कोरडं पडतं, त्यात तिचा दोष नाही, नवऱ्याचाही नाही, आणि दुखतंय ते मुकाट्याने सोसायचं कारण नाही. औषधाच्या दुकानात मलम मिळतं. ते मागायची लाज वाटली तर घरातलं ऑलिव्हचं तेलही चालतं. पुढचा अर्धा तास कोणाचं तेल चांगलं यावर वाद झाला.

पुढच्या गुरुवारी विषय होता कंडोम. आता कोणाला दिवस जाणार नव्हते, पण आजार वय विचारून येत नाहीत, म्हणून तो विषय घ्यावाच लागतो. मी बजावलं, की मागच्या वेळचं तेल आणि आजचं रबर एकत्र आणायचं नाही.

"का?" मन्नूबिया मागून म्हणाली. "आमच्या तेलाने आजवर कोणाचं काही बिघडलेलं नाही."

"रबराचं बिघडतं."

"कोणतं तेल लावलं होतंस? त्या सफाक्सवाल्यांचं असेल."

मी तिच्याच पिशवीतली बाटली मागून घेतली. पहिल्या घाण्याचं हिरवं तेल होतं, बहिणीकडे न्यायला घेतलेलं. कंडोमचा फुगा करून तोंड बांधलं, त्यावर थोडं तेल चोळलं आणि तिच्या हातात दिला. खोलीत एकोणीस बायका होत्या. आम्ही सगळ्या वाट बघत बसलो. थोड्या वेळाने तो तिच्या हातात फुटला. पलीकडच्या खोलीत एक बाळ रडायला लागलं.

मन्नूबियाने बाटलीकडे पाहिलं, मग उरलेल्या रबराकडे.

"म्हणजे तेल अस्सल आहे," ती म्हणाली.

दाखला मिळाला त्या दिवशी मात्र ती शेरे मारायला आली नव्हती. हेदीला पुढे पाठवून ती माझ्या खोलीत आली आणि कागद टेबलावर ठेवला.

"मिळाला," ती म्हणाली.

"मुबारक."

"तू तर सांगतेस, आधी रक्त आणि मग लग्न."

"अजूनही तेच सांगते."

"मग हे काय आहे?"

"हा कागद आहे," मी म्हणाले. "यावर शिक्का आहे."

ती बाकावर बसली. "शेदलिया, तीस वर्षं जहाजावर होता तो. आचारी असला म्हणून काय झालं? नेपल्स, बार्सिलोना, इस्तंबूल. अजून कुठली कुठली नावं सांगतो, मला तर म्हणताही येत नाहीत. माणूस चांगला आहे. पण बंदरं फार आहेत."

"मग त्याला म्हण, आपण दोघं रक्त देऊ या."

"माझं कशाला? मला एकच नवरा होता, आणि तो ताहर."

"दोघांनी दिलं की कोणाचा अपमान होत नाही."

हे तिला पटलं. ताहरबद्दल मात्र तिच्या मनात शंकाच नव्हती. ताहर कापडाचा व्यापारी, दर पंधरवड्याला त्रिपोलीची खेप असायची, आणि गावात कोणाकडे मयत झाली की खाटेला पहिला खांदा त्याचा. नऊ वर्षांपूर्वी गेला. तिच्या बैठकीत त्याचा फोटो आहे, चौकट सोनेरी.

ती गेल्यावर मी दोन्ही दाखले घेऊन वज्दीकडे गेले. हेदीचाही तिच्याकडेच होता, दोन्ही ती माझ्या टेबलावर ठेवून गेली होती.

"डॉक्टर, हे परत आणलेत."

"लल्ला शेदलिया, म्हातारी माणसं आहेत ती." तो मला मानाने लल्ला म्हणतो, त्याच्या जन्माच्या वेळी मीच होते.

"माझ्या वर्गात एकोणीस जणी आहेत," मी म्हणाले. "त्यातल्या आठ जणींचे प्रश्न चहाच्या पलीकडचे आहेत."

"आठ?"

"बाकीच्या अकरा अजून गुडघ्यावर आहेत."

त्याने दाखले घेतले आणि खणात ठेवले. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणीही व्हायचे.

हेदी रोज सकाळी मन्नूबियाच्या दारात मल्सूका घ्यायला यायचा. एकट्या माणसाला रोज बारा मल्सूका कशाला लागतात हे गल्लीने कधी विचारलं नाही. त्यावरूनच तर लग्न ठरलं होतं. दुसऱ्या सकाळी ती त्याला पोळ्या बांधून देता देता, नावामागे मानाचं सी लावून म्हणाली, "सी हेदी, दाखल्याआधी आपण रक्त तपासून घेऊ."

"रक्त? डॉक्टर तर नको म्हणाला."

"डॉक्टरला लग्न करायचं नाहीये. मला करायचंय."

"मी जहाजावर होतो म्हणून?"

"म्हणून."

"पहिल्या नवऱ्यालाही विचारलं होतंस का असं?"

"तेव्हा वर्ग नव्हता."

हेदी पोळ्या तिथेच ठेवून निघून गेला. चार दिवस आला नाही. तिच्या मुलाला, लमजेदला, बहुधा बरंच वाटलं असावं. तो सूस शहरात बँकेत आहे आणि आईच्या लग्नाची बातमी कळल्यापासून फोनवर फक्त हवामान विचारत होता. मन्नूबियाने त्या चार दिवसांत इतक्या मल्सूका केल्या, की ठेवायला टोपल्या पुरेनात. मला म्हणाली, "गेला तर गेला." मग म्हणाली, "नगरपालिकेची तारीख घेतलीये. रमजानच्या आधीचा शुक्रवार." मग आणखी पीठ भिजवायला घेतलं.

पाचव्या दिवशी सकाळी आठला हेदी दवाखान्यात आला, बाही वर केलेलीच होती. दोन्ही हात वज्दीपुढे धरले.

"एकातलं पुरतं," वज्दी म्हणाला.

"घ्या दोन्हीतलं. मागून कोणी म्हणायला नको, की दुसऱ्या हातात काही होतं."

मला बाकावर बघून तो थांबला. "लल्ला, चाळीस माणसांचा स्वयंपाक असायचा," तो म्हणाला. "बंदर आलं की मी बाजारात जायचो. मासळी घ्यायची, भाजी घ्यायची, पोती उचलायची. बाकीची मजा ज्यांना वेळ होता त्यांनी केली. मला आजही त्या बंदरांचे कांदे आठवतात, दुसरं काही नाही."

मन्नूबियाने त्याच दिवशी दुपारी रक्त दिलं, हसत हसत.

आठवड्याने निकाल आले. हेदीचं रक्त स्वच्छ होतं. तो कागद त्याने घडी करून कोटाच्या खिशात ठेवला, आणि मासळीवाल्यापासून पोस्टमास्तरपर्यंत विचारणाऱ्यालाही दाखवला, न विचारणाऱ्यालाही. मन्नूबियाच्या कागदाबद्दल वज्दीने मला आत बोलावलं. आधी तिला विचारून घेतलं होतं, ती म्हणाली होती, शेदलियाला सांगा, मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. त्याने मधलं दार लावायचा प्रयत्न केला. ते लागलं नाही. मग त्याने कागद माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः खिडकीतून बघत राहिला.

गरमी. डॉक्टर तिला सिफिलिस म्हणतात. जुनी, पुष्कळ वर्षं अंगात गप्प बसून राहिलेली. खात्री करायला महदियावाल्यांनी दोनदा तपासली होती.

मी तिच्या घरी गेले तेव्हा ती अंगणात बुटक्या स्टुलावर बसून थाळीवर गोळा टिपत होती. मी समोर बसले. जे सांगायचं असतं ते मी बायकांना सरळ सांगते, तसंच सांगितलं. हेदीचं चांगलं आहे. तुझ्यात गरमी निघाली. तीन इंजेक्शनं घ्यायची, आठवड्याला एक, की बरी होते.

"नावं बदलली असतील," ती म्हणाली. हात थांबला नव्हता.

"दोनदा तपासलंय."

"मग हेदीचं माझ्या नावावर गेलं असेल."

"त्याच्या दोन्ही हातांचं वेगवेगळं तपासलंय."

तिने बैठकीच्या दाराकडे पाहिलं. तिथून सोनेरी चौकटीचा एक कोपरा दिसतो.

"त्रिपोली," ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. माझा नेम आहे.

पण एक गोष्ट बोलायला नेम आड येत नव्हता, कारण ती माझी होती. मन्नूबियाचं तिसरं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. मुलगी होती. मीच तिला हातात घेतलं, धुतलं, कापडात गुंडाळलं आणि मन्नूबियाला सांगितलं, की देवाची मर्जी. त्या काळीही आम्हाला हुकूम होता, प्रत्येक गरोदर बाईचं रक्त याच आजारासाठी पाठवायचं. वहीत रकाना असायचा. मन्नूबियाच्या नावापुढे त्या रकान्यात मी बरोबरची खूण केली होती. रक्त पाठवलं नव्हतं. ताहरच्या घरात असलं काय विचारायचं, असं मला वाटलं होतं.

हे मी तिला सांगितलं. असंही सांगितलं, की मूल त्याचमुळे गेलं असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. गेलंही असेल, नसेलही.

थाळीवरची पोळी करपायला लागली. मन्नूबियाच्या हातून करपलेली पोळी मी पहिल्यांदाच बघत होते.

"किती वेळ लागला असता?" तिने विचारलं. "रक्त घ्यायला."

"चार मिनिटं."

तिने पोळी सोलून काढली, कोंबड्यांना टाकली. चूल विझवली. मग आम्ही दोघी बराच वेळ तिथेच बसलो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. उठताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला, नेहमी घेते तसाच, आणि त्या दिवशी मला तेवढं पुष्कळ होतं.

उंबऱ्याशी मी म्हणाले, "इतक्या वर्षांनी हे बहुधा दुसऱ्याला लागत नाही. पण बहुधावर मी कोणाचा संसार लावून देत नाही. इंजेक्शनं झाल्याशिवाय जवळ जायचं नाही."

"जवळ कोण येणारे आता," ती म्हणाली. "तो कागद घेऊन गावभर फिरतोय. मी त्याच्यावर संशय घेतला, आणि निघालं काय, तर माझ्याकडे. काय तोंडाने सांगू? त्यापेक्षा लग्न मोडते. म्हणते, मुलाला पसंत नाही."

"मी त्याला काही सांगणार नाही."

"विचारलं तर?"

"तरीही नाही. पण तुझं चांगलं आहे असंही म्हणणार नाही."

"तुझे नेम फार त्रासाचे आहेत, शेदलिया."

"मलाही होतो," मी म्हणाले.

तीन दिवस तिने दार लोटूनच मल्सूका दिल्या. चौथ्या दिवशी तिचा निरोप आला, दुपारच्या नमाजनंतर तुझ्या घरी येतोय, दोघंही. लग्न न झालेली माणसं एकटी बसली की गल्लीत बोलणं होतं, म्हणून माझं घर. मी बदाम घालून चहा केला, त्यांच्यापुढे ठेवला आणि कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसले. मी ऐकत नव्हते. पण खोली लहान आहे.

हेदीने बसल्या बसल्या खिशातून कागद काढून मेजावर ठेवला.

"हा ठेव तुझ्याकडे," तो म्हणाला. "बघ. तीन शिक्के आहेत."

"माझाही आलाय," मन्नूबिया म्हणाली.

"तुझं काय, तुझं बघायची गरजच नव्हती."

"होती." तिने पदर सारखा केला. आमच्या बायका पांढरी चादर घेतात, तिचं टोक तिने बोटाला गुंडाळलं. "माझ्यात गरमी निघाली, सी हेदी. तुझ्यात नाही. माझ्यात. जुनी आहे."

हेदीचा चहाचा पेला तोंडाशी होता. तो तिथेच राहिला.

"ताहर?" त्याने विचारलं.

"तो गेलाय."

"मग त्याला काय विचारणार," हेदी म्हणाला आणि एक घोट घेतला.

माझ्या माळेचे मणी पुढे सरकेनात. मन्नूबिया सरळ बसली होती, बाजारात कोणी भाव पाडून मागितला की बसते तशी.

"शुक्रवारची तारीख मी रद्द करून घेते," ती म्हणाली. "तुझ्यावर संशय मी घेतला. आता लोकांना काय सांगायचं ते तू सांग. मी म्हणेन, हेदीने नको म्हटलं."

"बरी होते का?"

"शेदलिया म्हणते होते. तीन इंजेक्शनं."

"कुठे देतात?"

"दवाखान्यात."

"तसं नाही. अंगात कुठे?"

मन्नूबिया थोडी थांबली. "बसते तिथे."

हेदीने पेला खाली ठेवला. गंभीरपणे विचार केला.

"आमच्या जहाजावर एक मेकॅनिक होता, त्याला दिली होती," तो म्हणाला. "आठवडाभर तो उभ्याने जेवायचा. भलती दुखतात ती. तू त्या बुटक्या स्टुलावर कशी बसणार? रमजान तोंडावर आलाय. तुझ्याकडे मागणी किती आहे?"

"शंभर घरांची."

"मग थाळीवर कोण बसणार?"

"तो माझा प्रश्न आहे."

"आचारी मी आहे," हेदी म्हणाला.

त्याने कागद उचलला, घडी केली आणि पुन्हा खिशात ठेवला. त्यानंतर तो त्याने कोणालाही दाखवला नाही. मासळीवाल्याने एकदा आपणहून विचारलं, तर म्हणाला, धुवायला टाकलेल्या कोटात गेला.

पहिल्या गुरुवारी मीच तिला सुई दिली. दुसऱ्या कोणाकडून घ्यायला ती तयार नव्हती. ते औषध दुधासारखं घट्ट असतं, सावकाश द्यावं लागतं. द्यायला सुरुवात केल्यापासून संपेपर्यंत मन्नूबियाने पुष्कळ शब्द वापरले. माझा रोजा होता, मी ते कानाआड केले. हेदी तिला घरी न्यायला थांबला होता. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून तो वर्गाच्या मागच्या बाकावर, तिच्याच जागी, मांडीवर लोकरीची एक उशी घेऊन बसला. एकोणीस बायकांनी भिंतीवरच्या गोवराच्या तक्त्याकडे बघायला सुरुवात केली.

"चालू द्या," हेदी म्हणाला. "मी ऐकत नाहीये."

मी चालू दिलं. नव्याने आलेल्या एका बाईने तेल आणि रबर का चालत नाही ते विचारलं, तर मी उत्तर द्यायच्या आधीच मागून आवाज आला. "रबर तेलाने सैल पडतं. इंजिनखोलीत हे सगळ्यांना माहीत असतं." बायकांनी माना डोलावल्या. हेच मी तीनदा सांगितलं होतं.

उशी त्याने स्वतः भरून आणली होती. मन्नूबिया ती घेऊन स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली आणि म्हणाली, नाही जमत. मग हेदी थाळीवर बसला. पहिल्या दिवशीच्या पोळ्या जाड झाल्या. ती त्याच्या डोक्यापाशी उभी राहून म्हणत होती, "टीप, घास नकोस. तवा नाही तो. अरे, हलका हात, हलका." एकही पोळी तिने विकली नाही. सगळ्या त्यालाच खायला लावल्या. दुसऱ्या गुरुवारपर्यंत त्याच्या पोळीतून माणूस दिसायला लागला, पण पुसट. ती विकायला ठेवताना मन्नूबिया गिऱ्हाइकांना सांगायची, या खालच्या टोपलीतल्या हेदीच्या आहेत, बघून घ्या.

दुसऱ्या गुरुवारी मागच्या बाकावर हेदीच्या शेजारी आणखी दोन म्हातारे येऊन बसले. मी विचारलं, काय काम आहे. एक म्हणाला, गुडघा. दुसरा म्हणाला, माझाही.

तिसऱ्या गुरुवारी सुई झाल्यावर वज्दीने जुना दाखला फाडला आणि नवा लिहायला घेतला. या वेळी त्याने मन्नूबियाला विचारून विचारून लिहिलं, छाती तपासली, पुढे सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं ते समजावलं. पस्तीस मिनिटं लागली. शिक्का समोरच ठेवलेला होता.

"संसार ईदनंतर," मी दोघांना बजावलं. "तोवर ती तिच्या घरी, तू तुझ्या."

"लल्ला," हेदी म्हणाला, "तोवर मला थाळीवरून उठायला वेळ तरी आहे का?"

त्या संध्याकाळी मन्नूबियाने बैठकीतला फोटो उतरवला, काच पुसली आणि सूसहून आलेल्या लमजेदच्या हातात दिला. "तुझ्याकडे राहू दे," म्हणाली. "तुझा बाप आहे." त्याने कारण विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. रोजा सोडायला मी तिथेच होते. खजूर तोंडात होता म्हणून मलाही काही बोलावं लागलं नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही नगरपालिकेत गेलो. अधिकाऱ्याने दाखले पाहिले, खुर्च्या दाखवल्या. "बसा."

मन्नूबिया म्हणाली, "मी उभीच बरी आहे." तिसरी सुई आदल्या दिवशीची होती. हेदीच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत उशी होती, पण लमजेद समोर होता, तेव्हा तिने डोळ्यानेच नको म्हटलं. मग हेदीही बसला नाही. ते दोघं उभे म्हणून साक्षीदार उभे राहिले, मी राहिले, लमजेद राहिला. अधिकारी एकटाच बसून कसं वाचणार? तोही उभा राहिला. सबंध करार आम्ही राष्ट्रगीताला उभं राहावं तसे उभ्याने ऐकला.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर लोक मुबारक म्हणायला थांबले. मन्नूबियाचा रंग उतरला होता. हेदीने पिशवीतून उशी काढली, सगळ्यांसमोर वरच्या पायरीवर ठेवली आणि हात पुढे केला. ती त्याचा हात धरून सावकाश बसली.

"बरं आहे?"

"थोडं डावीकडे."

त्याने उशी डावीकडे सरकवली.

"आई, तुला होतंय काय?" लमजेदने विचारलं.

"गुडघे," मन्नूबिया म्हणाली.

लमजेदने माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं सुईण असलेल्या बाईला गुडघ्यातलं कळत असेल असं त्याला वाटलं असावं. मी जपमाळ काढली आणि मोजायला लागले.